अक्का, तुमची तीन महिन्यांची साखर

अक्का, काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे संध्याकाळच्या एसटीनं गेले, सतरंज्या झटकून परत दिल्या, आणि आज रविवार असूनही मी लॅबमध्ये येऊन बसलेय. सकाळी माझ्याच दंडाला पट्टा बांधून माझंच रक्त काढायला बसले, तर शीरच मिळेना. वीस वर्षं लोकांना सुया टोचणारी मी. शेवटी तुमच्या लेकीनं, रूपानं, पट्टा ओढून धरला तेव्हा कुठं शीर सापडली. नळी मशीनमध्ये लावलीय. माझ्या आधी बरेच नमुने आहेत. ते होईपर्यंत काय करायचं, म्हणून कागदावर तुमच्याशी बोलत बसलेय. रूपा समोरच्या बाकावर बसून भिंतीवरचा तक्ता वाचतेय, तिसऱ्यांदा.

छातीत धडधडतंय. ही धडधड खरी की भीतीची, हे मला ओळखू येत नाही. तुम्ही गेल्यापासून असंच चाललंय. दिवसातून तीनदा बीपी बघते. जिना चढताना मध्ये थांबून दम लागतोय का ते पाहते, आणि पाहिल्यामुळंच दम लागतो. परवा फुटाणे खाल्ले आणि जबडा दुखला, तर मी अर्धा तास भिंतीला टेकून बसले. हे म्हणाले, तू लॅबमध्ये आहेस की पेशंट आहेस ते एकदा ठरव. मी त्यांच्यावर एवढी ओरडले की खाली भाऊजींनी टीव्ही बंद केला. ओरडायला काही कारण नव्हतं, अक्का. घाबरलेय मी, दुसरं काही नाही.

आपण दोघी जावा. शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरात खाली तुम्ही, वर मी, एकवीस वर्षं. चुली दोन झाल्या तरी देवघर एकच राहिलं, तेही तुमच्या स्वयंपाकघरात. म्हणून सणवार आले की मी वरून खाली यायची आणि तुमच्या हाताखाली उभी राहायची. तुम्ही मंगळवेढ्याकडच्या, मी इथलीच. माझं बोलणं तुम्हाला पुस्तकी वाटायचं. भांडण झालं की तुम्ही म्हणायचा, "शैले, तुझं रिपोर्टातलं बोलणं वर ठिवून ये, मग खाली बोल." मला राग यायचा आणि हसूही यायचं.

आता ते चौदा वर्षांपूर्वीचं सांगते. तुम्ही कधी त्याचा उच्चार केला नाहीत, मीही केला नाही. तुम्ही अडतीस वर्षांच्या होता. महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायचं. तुम्ही पांढऱ्याफटक पडला होता, पाणी भरलेली घागर उचलताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढून टाकू, सोबत अंडाशयंही काढू, म्हणजे पुढं कॅन्सरची भीती नको. घरी येऊन तुम्ही माझ्यापुढं बसलात. भाऊजींना नाही विचारलंत, आत्याबाईंना नाही, मला विचारलंत. "तू लॅबातली. तू सांगशील तसं करते." मी तेव्हा चौतीसची. तुमचं हिमोग्लोबिन मीच तपासलेलं, सात आलेलं. मला तेवढा सात दिसत होता. मी म्हणाले, काढा अक्का, सुटाल.

एका वाक्यात सांगितलं बघा मी. भाजी कुठली करू विचारल्यावर सांगावं तसं. मुलं होऊन गेल्यावर अंडाशयं काय कामाची, असं मलाही वाटत होतं. लॅबमध्ये असून वाटत होतं, हे आज लिहितानासुद्धा लाज वाटते. आणि ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी तुमचं हिमोग्लोबिन बारा आलं, तेव्हा मी तो कागद नाचवत घरी आणला होता. सगळ्यांना दाखवला. बघा, मी सांगितलं नव्हतं?

ऑपरेशननंतर आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची बहीण, मुद्दाम राहायला आल्या आणि त्यांनी तुमचं बाळंतपणच केलं. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, कानाला फडकं, चाळीस दिवस खाली पाय ठेवायचा नाही. आपल्याकडं बाईचं पोट उघडलं की एकच पथ्य माहीत, बाळंतिणीचं. तुम्ही कॉटवर बसून लाडू खात मला म्हणाला होता, "पोर न होता बाळंतपण मिळालं बघ." लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही चाळीस दिवस बसला होता. तुमचा चेहरा इतका निवांत दिसायचा की मला हेवा वाटला होता. दवाखान्यानं महिनाभराच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या संपल्या. टाके बघायला एकदा गेलो. नंतर त्या दवाखान्याची पायरी आपण चढलो नाही, आणि तिथून कुणी या म्हणालंही नाही. आजार गेला होता ना.

मग वाफा सुरू झाल्या. सोलापूरच्या एप्रिलमध्ये सगळ्यांनाच घाम येतो, पण तुम्हाला पौषातही यायचा. चालता चालता चेहरा लाल व्हायचा, मानेवरून धारा लागायच्या, आणि तुम्ही पदरानं वारा घेत मोरीच्या ओल्या फरशीवर जाऊन बसायचा. आपल्या घरात त्याची चेष्टा झाली. भाऊजी म्हणायचे, हिचा बंब पेटला. तुम्हीही हसायचा. वर्षादोन वर्षांत तुमचं पोट सुटलं, ब्लाउजांच्या शिवणी दोनदा उसवून घेतल्या, आणि सगळे म्हणाले, अक्का आता भरल्या, अंगाला लागलं. मीसुद्धा म्हणाले.

आणि तुम्हाला मान मिळाला. तो मान हाच तर घोटाळा होता, अक्का. आपल्या घरात पाळीला पाळी म्हणत नाहीत, अडचण म्हणतात. अडचण असलेल्या बाईनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, नैवेद्याला हात लावायचा नाही. गल्लीत कुणाकडं काही कार्य निघालं की आधी तारखा बघायच्या, कुणाला अडचण येतेय, कुणाची टळतेय. तुमची कायमची टळली होती. चाळिशीच्या आतली सवाष्ण, हाताला चव, आणि बारा महिने तेरा काळ मोकळी. मग काय विचारता. सत्यनारायण असो, कुळाचार असो, कुणाच्या घरची लक्ष्मी बसो, पुरण घालायला अक्कांना बोलवा. नैवेद्याची बाई उपाशी हवी, म्हणून तुम्ही उपाशी. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे तुमचे स्वतःचे वेगळे. दिवसभर साबुदाणा नाहीतर नुसता चहा, आणि नैवेद्य दाखवला की पाट मांडून तूप घातलेल्या तीन पोळ्या. लोक आग्रह करायचे. तुम्ही नाही म्हणायचा नाहीत, कारण तुमच्या हातच्या पुरणाचं कौतुक ऐकताना तुम्हाला जेवल्याचं कळायचंच नाही. मी ते ओळखून होते. तुम्हाला आयुष्यात दुसरं कौतुक कुणी केलं होतं?

साखर सापडली ती पायाच्या जखमेमुळं. टाच भेगाळली आणि महिना झाला तरी भरेना, म्हणून मी बळंच लॅबमध्ये आणलं. त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, ते तुम्ही गेलात तरी मिटलं नाही. गोळी सकाळी खाऊन घ्यायची. तुम्हाला उपास. मग गोळी उपासाला चालती का, असा तुमचा प्रश्न. चालते म्हटलं तर उपाशीपोटी घेऊन तुम्हाला चक्कर आली, आणि मग सोपा मार्ग तुम्ही काढलात, उपासाच्या दिवशी गोळीलाही उपास. मी आठवड्याचा हिशेब मांडून दाखवला की असे निम्मे दिवस गोळी जातच नाही. तुम्ही म्हणालात, निम्मे दिवस जाती की.

तपासणीला मात्र तुम्ही हसत यायचा. कारण ते कसं जिंकायचं हे तुम्हाला कळलं होतं. आधीचे तीन दिवस गोड बंद, भात बंद, नुसती ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. चौथ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी हात पुढं. आकडा बरा यायचा. तुम्ही तो भाऊजींना दाखवायचा आणि मग त्या आनंदात शेवयाची खीर. मी म्हणायचे, अक्का, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करू, तिला असं फसवता येत नाही. तुम्ही हात मागं घ्यायचा. "तेवढी नको." दर वेळी एवढंच. आणि मी दर वेळी ऐकायचे. थोरली जाऊ म्हणून ऐकायचे असं मी स्वतःला सांगत आले. खरं सांगू का, आकडा आला असता तर चौदा वर्षांपूर्वीचं माझं ते एक वाक्य त्यात वाचावं लागलं असतं. मलाही तो आकडा नको होता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

गेल्या वर्षीच्या ज्येष्ठात माझी पाळी गेली. माझी आपली आपण गेली, वयानं. मी कुणाला सांगितलं नाही. तुमची काय गत झाली ते बघत होते. एकदा का कळलं की मीही मोकळी झाले, की लॅब सांभाळून गल्लीभर पुरणं घालत फिरा, उपाशी राहा. म्हणून मी दर महिन्याला चार दिवस खोटंच वर बसू लागले. चौदा महिने, अक्का. मेडिकलमधून पाकिटंसुद्धा आणायचे, तुम्हाला दिसतील अशी पिशवीत वर ठेवून. सण आला की नेमकी माझी अडचण आणि सगळं तुमच्या अंगावर.

तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या शुक्रवारी तुम्ही लॅबमध्ये आलात. आपण होऊन आलात, हेच नवल. दोन जिने चढल्यावर थांबावं लागतंय म्हणालात. मी रक्त घेतलं. जांभळ्या टोपणाच्या नळीत हिमोग्लोबिनसाठी घेतलं आणि म्हटलं, यातच तीन महिन्यांची साखरही होते, आज करते. तुम्ही माझं मनगट धरलंत. "श्रावण होऊ दे की. मग कर, न्हाय म्हणणार न्हाय." मी नळी फ्रिजमध्ये ठेवली. उठता उठता तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. "तुझी अडचण खोटी हाय, शैले. मला ठावं हाय."

तुम्ही पदर सावरत म्हणालात, "वर बस की. दिवसभर हितं उभी असतीस. म्या हाय तितं." आणि निघून गेलात. वर्षभर तुम्हाला माहीत होतं आणि वर्षभर तुम्ही मला झाकलंत. आत्याबाईंना, गल्लीतल्या बायकांना, सगळ्यांना सांगत राहिलात की शैलाला बरं नसतं. मी त्या दिवशी तुमचे पाय धरायला हवे होते. मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

सोमवारी, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी साडेसातला मी डबा घेऊन खाली उतरले. अडचण आहे म्हणून शनिवारीच सांगून ठेवलं होतं. तुम्ही डाळ घोटत होता. भाऊजी पहाटेच होटगीला रेल्वेच्या कामावर गेलेले. तुमच्या कपाळावर, ओठावर घाम होता, पदर भिजला होता. म्हणालात, "जबडा धरलाय गं. पाठीतबी भरल्यावानी झालंय." मी उंबऱ्याबाहेर उभी होते. खोटी का होईना, तुम्हाला कळलेली का असेना, पण सगळ्यांना अडचण सांगितली होती, आत कशी येणार? बाहेरूनच म्हणाले, वाफा असतील, नाहीतर पित्त, दोन घास खाऊन घ्या. तुम्ही म्हणालात, "निवद दावल्याबिगर?" मी म्हटलं, बरं, मग लिंबूपाणी तरी घ्या. आणि गेले.

लॅबमधली बाई मी. त्या उंबऱ्यापासून तुमच्यापर्यंत चार पावलं होती. चार पावलं टाकून मनगट धरलं असतं तर मला कळलं असतं. वाफेचा घाम गरम असतो. तुमचा गार असणार, मी हात लावला नाही म्हणून मला माहीत नाही. साडेअकराला शेजारच्या वहिनींचा फोन आला. तुम्ही पुरणाच्या पातेल्याशेजारी बसल्या बसल्या कलंडला होता. दवाखान्यात त्यांनी हृदयाचा झटका म्हणून सांगितलं, आणि बायकांना असाच येतो, छातीत दुखतच नाही कधी कधी, असंही सांगितलं. मला वाचून माहीत होतं ते. इतरांना मी सांगतही असते.

हे वाक्य मी बारा दिवस कुणापुढं बोलले नाही, आता इथंही लिहिते: त्या सोमवारी मला अडचण नव्हती.

तिसऱ्या दिवशी, सुतकात, राख सावडून आल्यावर मी लॅबमध्ये आले. फ्रिज उघडला. तुमच्या नावाची नळी होती, माझ्याच अक्षरात, वय बावन्न. मी तुम्हाला शब्द दिला होता श्रावण संपल्यावर करीन म्हणून. मी तो मोडला. नळी हळूहळू हलवली, मशीनमध्ये लावली आणि उभी राहिले. साखर साडेअकरा आली, अक्का. साडेसहाच्या वर गेलं की आम्ही साखर आहे म्हणतो. मी रिपोर्ट छापला, सही केली, घडी घालून पर्समध्ये ठेवला. गेलेल्या बाईचा रिपोर्ट कुणाला द्यायचा, ते मला कळत नव्हतं.

ते दहाव्या दिवशी कळलं. रूपा दुपारी वर माझ्याकडं आली. मंगळवेढ्याच्या सासरहून आल्यापासून पोर धड जेवली नव्हती. मला वाटलं आईच्या आठवणीनं रडायला आलीय. ती म्हणाली, तिलाही तुमच्यासारखंच जातंय, वर्ष झालं. तिकडच्या डॉक्टरांनी पिशवीत गाठ आहे म्हणून सांगितलंय, पिशवी आणि अंडाशयं दोन्ही काढायची. तारीखही ठरलेली. तुमच्यामुळं पुढं ढकलली, आता येत्या मंगळवारी आहे. तिनं तुम्हाला सांगितलं होतं म्हणे, आणि तुम्ही म्हणाला होता, काकूला इचार. मग तिनं विचारलं, "काकू, काढू का?"

अक्का, तीच खुर्ची, तोच प्रश्न. रूपा चौतीसची आहे. मला नको म्हणावंसं वाटत होतं आणि नको म्हणायचीही भीती वाटत होती. रक्त जाऊन जाऊन हिला काही झालं तर? माझ्या हो म्हणण्यानं तुम्ही गेलात आणि नको म्हणण्यानं ही गेली तर? मी तिला सांगितलं, "मला माहीत नाही. मागच्या वेळी मला माहीत होतं." आणि पर्समधून तुमचा रिपोर्ट काढून तिच्या हातात दिला. मग सगळं सांगितलं. ते एक वाक्य, लाडू, उपास, गोळ्या, फ्रिजमधली नळी. माझ्या खोट्या अडचणीचं मात्र सांगता आलं नाही. तिनं कागदावरचं तुमचं नाव बोटानं पुसल्यासारखं केलं आणि विचारलं, आईला हे माहीत होतं का? मी म्हटलं, त्यांना नको होतं, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी तिला इथल्या एका बाई डॉक्टरांकडं नेलं. पुन्हा सोनोग्राफी झाली. गाठ आहे, पण लहान आहे. त्या म्हणाल्या, आधी गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचं एक साधन आहे, त्यानं रक्त जायचं कमी होतं. सहा महिने ते करून बघू, लोह भरून काढू. नाहीच जमलं तर पिशवी काढू, पण चांगली अंडाशयं या वयात कशाला काढायची? तुमच्या माहेरी कुणाला अंडाशयाचा, स्तनाचा कॅन्सर होता का, हेही विचारलं. नव्हता. मग त्यांनी शांतपणे समजावलं की अंडाशयं फक्त मुलांसाठी नसतात. हाडं, रक्तवाहिन्या, साखर, पोटावरची चरबी, सगळ्याला त्यांचा आधार असतो. वयानं पाळी जाते तेव्हा तो आधार हळूहळू सुटतो आणि तेव्हाही जपावंच लागतं. काढल्यावर तो एका दुपारीत जातो, आणि त्यानंतर त्या बाईला वाऱ्यावर सोडायचं नसतं, औषध द्यायचं असतं, साखर, बीपी, चरबी दर वर्षी बघायची असते. चौदा वर्षांत हे तुम्हाला कुणीच सांगितलं नाही. मी तर घरातच होते.

रूपानं सगळं ऐकलं, पण मंगळवारची तारीख रद्द करीन असं काही ती म्हणाली नाही. घरी सासू आहे, शेत आहे, दर महिन्याला अंथरूण धरून चालत नाही, असं म्हणाली. मी पुढं रेटलं नाही. पुन्हा एकदा माझ्या शब्दावर कुणी काही करावं याचीच मला धास्ती होती.

काल पहाटे तुमच्या तेराव्याचा स्वयंपाक. आत्याबाईंनी मला विचारलं, "तुला अडचण न्हाय न्हवं?" मी म्हटलं, नाही. पुरण घालायला घेतलं. नैवेद्य होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही असंही बजावून झालं. जरा वेळानं बघते तर रूपा उंबऱ्याबाहेर उभी. रात्रीपासून तिचं पुन्हा सुरू झालं होतं. तुमच्या लेकीला तुमच्या नैवेद्याच्या पोळीला हात लावायची मुभा नव्हती. ती रडत नव्हती, दाराची चौकट धरून बघत होती फक्त. म्हणाली, "काकू, मंगळवारी जाऊन काढूनच टाकते. आईच्या पानाला हात लावता येईना, मग ठेवून काय करू?"

ती जिथं उभी होती, तिथंच मी उभी होते त्या सोमवारी. अगदी तीच जागा.

अक्का, मग मला राहवलं नाही. मी हातातली पळी ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की माझी पाळी चौदा महिन्यांपूर्वीच गेलीय. त्या सोमवारी मी खोटं सांगून या दारात उभी राहिले, आत आले नाही, आणि अक्का माझ्या डोळ्यांसमोर घामाघूम झालेल्या असताना निघून गेले. आता कुणाला या दाराबाहेर उभं करायचं असेल तर मला करा. भाऊजी ओसरीवर बसले होते, त्यांनी ऐकलं. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं, आता हे घर मला तोडणार. मी रूपाचा हात धरला आणि तिला आत घेतलं.

पण पोळपाट हातात देण्याआधी तिला बसवलं आणि शेंगाची चटणी घालून भाकरी दिली, कारण तिचं हिमोग्लोबिन आठ आहे. मीही तिच्यासमोर बसून खाल्ली. देवघरासमोर, नैवेद्याच्या आधी. आत्याबाई आल्या, आम्हा दोघींकडं बघितलं, आणि तुमच्या पाटावर बसून डाळ घोटायला घेतली. म्हणाल्या, "सावकाश खा." नंतर पोळ्या रूपानं लाटल्या. तुमच्या पोळ्या जरा जाड असायच्या, तिच्याही तशाच झाल्या. जेवणं झाल्यावर भाऊजी माझ्याजवळ आले. मी उभी राहिले. ते एवढंच म्हणाले, "मीच बंब म्हणायचो तिला." आणि गेले.

माझी नळी झालीय वाटतं, मशीन थांबलं.

मी उठले नाही, अक्का. रूपाला म्हटलं, तू बघ आणि मोठ्यानं वाच. तिनं वाचलं, सहा पूर्णांक एक. काठावर आहे. अजून साखर नाही, पण वाट तिकडचीच आहे. एवढं भ्यायले होते आणि आकडा ऐकल्यावर मात्र बरं वाटलं, कारण आता तो माहीत आहे. धडधड गेलेली नाही. ती जाईल असं वाटतही नाही. उद्या बाई डॉक्टरांना दाखवणार आहे, आणि जाताना रूपाही सोबत आहे, कारण आत्ताच तिनं माझ्यासमोर मंगळवेढ्याला फोन लावला आणि मंगळवारी येत नाही म्हणून सांगितलं. सहा महिने बघते म्हणाली. सहा महिन्यांनी काय होईल मला माहीत नाही. मी तिला तसंच सांगितलंय.

तुमचा आणि माझा रिपोर्ट मी एकाच पाकिटात घातलाय. उद्या श्रावणातला शेवटचा सोमवार. सकाळी सातला आम्ही दोघी तुमच्या स्वयंपाकघरात बसून भाकरी खाणार आहोत. तुम्ही शुक्रवारी म्हणाला होता ना, म्या हाय तितं. तर बघा तेवढं.